कमी भरलेला वाव

वालूर,
११ ऑगस्ट २०२५

वैभवदादा,

शरणार्थ.

पत्ता तुझ्या पप्पूकडून घेतला. त्याच्यावर रागावू नकोस, तो द्यायला तयार नव्हता. देवगाव फाट्यावर त्याच्या पंक्चरच्या दुकानासमोरच्या बाकड्यावर मी बसूनच राहिले. शेवटी तो म्हणाला, "ताई, तुझं तोंड बघून गिऱ्हाईक दुसरीकडं जायलेत. घे पत्ता अन् घरी जा." नवा फोन नंबर मात्र त्यानं दिला नाही. दिला असता तरी मला घरून बोलता आलं नसतं. दोन खोल्यांत अप्पांना सगळं ऐकू येतं. कान चांगले आहेत त्यांचे. म्हणून पत्र.

अप्पांच्या आजाराला नाव मिळालं. एएलएस. मोटर न्यूरॉनचा आजार असंही म्हणतात. आधी मानेची गादी सरकली म्हणून पट्टा लावला, मग लकवा समजून एका गावी नेऊन तेल चोळून आणलं. शेवटी नांदेडच्या डॉक्टरांनी हातापायांत, जिभेतसुद्धा सुया टोचून तपासणी केली आणि मला बाहेर बोलावलं. आईला नाही, मला. घरात शिकलेली मीच, हे त्यांना कागदावर सही घेताना कळलं होतं. आईचा अंगठा होता.

शाळेत मी चेतापेशीची आकृती काढायचे. झाडाच्या मुळांसारखी दिसते म्हणून तू हसायचास. मेंदूचा हुकूम स्नायूपर्यंत नेणाऱ्या त्या पेशी अप्पांच्या अंगात वाळायला लागल्यात. हुकूम पोचत नाही, म्हणून स्नायू रिकामा बसतो आणि झडत जातो. झडायच्या आधी फडफडतो. दंडाचं मांस आपोआप उडताना दिसतं, कातडीखाली काहीतरी फिरतंय असं वाटतं. स्पर्श कळतो, चव कळते, माणसं कळतात. काही जणांच्या विचारांवर परिणाम होतो, अप्पांच्या झालेला नाही. डावा हात पूर्ण गेला. उजवा छातीपर्यंत उचलतो. भिंत धरून आणि माझा खांदा धरून मोरीपर्यंत चालतात. जीभ जड झालीय.

त्यांचं बोलणं आता मलाच कळतं, आईला अर्धं. पाहुणे आले की अप्पा बोलतात आणि पाहुणे माझ्या तोंडाकडे बघतात. मी शब्द न बदलता सांगते. गेल्या आठवड्यात काका आले होते. म्हणाले, "धीर धरा, सगळं नीट होतंय." अप्पा काहीतरी बोलले. "काय म्हणायलेत?" काकांनी विचारलं. मी सांगितलं, "तुझी सासू दवाखान्यात होती तवाबी तू असंच म्हणला होतास, म्हणायलेत." काका चहा न घेता गेले. आई दिवसभर माझ्याशी बोलली नाही.

गोळ्या सुरू आहेत, दिवसातून दोनदा. त्यानं आजार थांबत नाही, जरा सावकाश होतो. किती दिवस, ते डॉक्टर नक्की सांगत नाहीत. संसर्गाचा नाही. बहुतेकांच्या घरात दुसऱ्या कुणाला होत नाही, हे मी दोनदा विचारून घेतलं, एकदा तुझ्यासाठी आणि एकदा माझ्यासाठी. तरीही माझी पापणी उडाली की मी आरशासमोर जाऊन उभी राहते.

अप्पांनी तुला बोलावलेलं नाही. तुला वाटेल मी त्यांच्या वतीनं लिहिते आहे, म्हणून हे स्पष्ट सांगते. हे पत्र माझं आहे. तुला माहीत असावं, एवढंच.

निकितावहिनींना नमस्कार. त्यांना मी कधी पाहिलं नाही, तरी.

रुद्राणी


वालूर,
२५ ऑगस्ट २०२५

दादा,

पत्र परत आलं नाही, म्हणजे पोचलं असं धरते.

पोळा झाला. पोळ्याआधीच्या बाजारात यंदा पहिल्यांदा आपलं दोरांचं दुकान नव्हतं. दावी, कासरे, वेसणी सगळं मागच्या खोलीत पोत्यात पडून आहे. अप्पांना बाजाराच्या दिवशी घरात बसवत नाही, म्हणून मी खुर्ची दारात ठेवली. येणारेजाणारे त्यांच्याकडे बघायचे आणि मान फिरवायचे.

किशनराव मात्र वाट वाकडी करून आले. बैलाच्या नव्या दाव्यासाठी आले होते, मी आतून काढून दिलं. मग अप्पांजवळ बसून त्यांनी आपली म्हैस मेल्याचं सांगितलं आणि अप्पा हसायला लागले. थांबेचनात. डोळ्यांतून पाणी आलं तरी हसत होते. या आजारात असं होतं, हसू आणि रडू आवरणाऱ्या नसाही सैल होतात, आतून वाईट वाटत असलं तरी बाहेर हसू येतं. हे मी किशनरावांना नीट समजावलं. ते म्हणाले, "हसू दे की. म्हशीला तरी कुठं कळायलंय."

मग ते म्हणाले, "बसवंता, लय दिवस मनात हाय. त्या साली तू माझ्यावर बाजारात उगं तापलास. वाव कमी भरला म्हणलो, त्यात माझं काय चुकलं?"

तुला माहीत आहे अप्पांचा वाव. दुसरे दुकानदार मोजायला गज ठेवायचे, अप्पांनी कधी ठेवला नाही. दोन्ही हात फैलावायचे, दोर एका मुठीतून दुसऱ्या मुठीपर्यंत ताणायचा, तो एक वाव. तीस वर्षं लोकांनी त्यांच्या हातावर विश्वास ठेवून दोर नेला. मी किशनरावांना विचारलं, कोणत्या साली? ते म्हणाले, दोन पोळे झाले, हा तिसरा. कासरा घरी नेऊन जुन्याशी लावून बघितला तर हातभर आखूड. परत घेऊन आले तर अप्पा म्हणाले, तुझा बैल वाढला असंल. भांडण झालं. पण पुढच्या बाजारी अप्पांनी न मागता एक वाव जास्तीचा दिला आणि तोंडातून शब्द काढला नाही.

किशनराव गेल्यावर मी कॅलेंडर मनातल्या मनात मागं नेत बसले. तो पोळा भाद्रपदाच्या तोंडाशी. तू घरी आलास त्याच वर्षी, दिवाळी संपल्यावर. म्हणजे आधी वाव कमी भरला आणि मग तू आलास. हा क्रम मी तीन-चारदा तपासला.

त्या सकाळचं तुला सांगायला नको, पण लिहिल्याशिवाय पुढचं नीट लिहिता येणार नाही. आदल्या संध्याकाळी तू कोर्टात लग्न केल्याचं सांगितलंस. सकाळी अप्पा पूजेला बसले. डाव्या तळहातावर गळ्यातलं इष्टलिंग, भस्म लावून झालं होतं, बेल वाहायचा होता. तळहात कलला आणि लिंग पाटावरून घरंगळत चुलीजवळ गेलं. आई ओरडली. आपल्याकडे गळ्यातलं लिंग जमिनीवर पडणं म्हणजे जीवच गेल्यासारखं, ते लहान पोरालाही ठाऊक असतं. आईनं तुझ्याकडं बघितलं. आणि अप्पा म्हणाले, "तू ह्या घरात हायेस तवर हे माझ्या हातावर ठरणार न्हाई."

तू तेव्हाच पिशवी उचललीस. मी दारात उभी होते. जंगम अय्यांना बोलावून घर शुद्ध केलं, अप्पांनी उपास केला, आणि गावात सगळे म्हणाले की बसवंतरावाच्या पोरानं बापाच्या हातातलं लिंग पाडलं.

नांदेडच्या डॉक्टरांनी अप्पांच्या डाव्या हाताचा अंगठा आणि पहिलं बोट यांच्यामधला खड्डा मला दाखवला होता. म्हणाले, हे मांस एका दिवसात जात नाही, सुरुवात इथून झाली. तेव्हा मी फक्त मान हलवली होती. आता कळलं. लिंग तुझ्यामुळे पडलं नाही, दादा. हात आधीच जात होता.

अप्पांना हे माहीत होतं का, ते मला माहीत नाही. विचारायचं धाडस झालेलं नाही. आईला सांगितलं. ती भाकरी थापत होती. थांबली नाही, पण ती भाकरी फाटली.

रुद्राणी


वालूर,
३० सप्टेंबर २०२५

दादा,

पहिल्या पत्रात मी अर्धंच लिहिलं होतं. किती दिवस ते डॉक्टर नक्की सांगत नाहीत, हे खरं. पण त्यांनी हेही सांगितलं होतं की बऱ्याच जणांना सुरुवातीपासून तीन ते पाच वर्षं मिळतात, काहींना कमी, थोड्यांना जास्त. सुरुवात कधी झाली ते मी तुला मागच्या पत्रात लिहिलंच आहे. मोजायचं तू मोज.

नळीचं लिहायचं आहे.

अप्पांना आता गिळताना ठसका लागतो. पाण्याचा सगळ्यात जास्त. आम्ही ज्वारीच्या कण्या दाट शिजवून देतो, चमचा ओठांपर्यंत नेऊन थांबतो, हनुवटी खाली करायला सांगतो, मग घालतो. एका जेवणाला सकाळ जाते. त्यात पूजेआधी ते पाणीही घेत नाहीत. हात राहिला नाही म्हणून पूजा सुटत होती आणि पूजा सुटली की जेवण सुटत होतं. अय्यांना विचारलं. ते म्हणाले, "खालचा हात कुणाचाबी असू द्या, पूजा त्यांचीच." तेव्हापासून आई आपला तळहात त्यांच्या तळहाताखाली धरते आणि दोघं मिळून लिंग धरतात. आधी अप्पा डोळे मिटून घ्यायचे. आता आईच्या हाताकडे बघतात.

तरी खाणं कमीच होत गेलं. वजन उतरलं. डॉक्टरांनी यंत्रात फुंकायला लावून श्वासाची ताकद मोजली आणि म्हणाले, पोटाला बाहेरून छोटं छिद्र पाडून नळी बसवू, त्यातून पातळ अन्न देता येईल. तोंडानं थोडं चवीपुरतं चालेल. पण हे श्वासात जोर आहे तोवरच करणं बरं, पुढे धोका वाढतो. दिवाळीच्या पुढे ढकलू नका.

त्यांनी अप्पांना विचारलं. अप्पा बोलले.

डॉक्टर माझ्याकडे बघू लागले. आईही. त्या खोलीत अप्पांचा शब्द कळलेली मी एकटी होते. दादा, मी शपथेवर सांगते, मला तेव्हा शब्द फिरवावासा वाटला होता. मी "हो म्हणाले" असं म्हटलं असतं तर डॉक्टरांनी तारीख लिहिली असती. अप्पा माझ्याकडेच बघत होते. मी म्हणाले, "नको म्हणायलेत. झालं तेवढं बस, म्हणायलेत."

घरी येताना जीपमध्ये आई हळू आवाजात म्हणाली, "एक शब्द फिरवला असतास तर काय बिघडलं असतं? कुणाला कळणार होतं?"

"अप्पांना."

"कळलं असतं. मग? तक्रार कराया तुझ्याकडंच आले असते."

मला हसू आलं आणि तिला राग आला. मग तिलाही जरा हसू आलं, पण ते मानवत गाव येईपर्यंत टिकलं नाही. तिथून पुढे ती खिडकीबाहेर बघत राहिली. ती म्हणते मी तिच्या नवऱ्याला उपाशी मारतेय. तोंडावर म्हणाली नाही, शेजारच्या कुसुमबाईंना म्हणाली. घर दोनच खोल्यांचं आहे.

नळी का नको, असं मी अप्पांना विचारलं. ते बोलले नाहीत. बोलता येत असूनही.

एक सांगू का. घरात दिवसभर माणसं माझ्याशी बोलतात. आई म्हणते, विचार त्यांना पाणी पाहिजे का. काका म्हणतात, सांग त्यांना मी येऊन गेलो. अप्पा म्हणतात, म्हण तिला पंखा कमी कर. सगळं माझ्या तोंडातून इकडून तिकडं जातं. माझ्याशी असं कुणी बोलत नाही. एमएस्सीचं सोडलं, शिकवण्या घेते, तिथं पोरांशी समीकरणं बोलते. हे लिहायचं नव्हतं. खोडलं तर तुला खोडलेलं दिसेल, म्हणून राहू देते.

तू एकदा दवाखान्यात आलास आणि नळी लाव म्हणालास तर ते ऐकतील, असं आईला वाटतं. मला तसं नक्की वाटत नाही, म्हणून ते तिचं म्हणणं म्हणून लिहिलं.

रुद्राणी


वालूर,
२६ ऑक्टोबर २०२५

दादा,

हे पत्र अप्पांचं आहे. मी फक्त लिहिलं. खाली त्यांचे शब्द आहेत तसे ठेवलेत. मध्ये थांबले तिथं मी ओळ सोडली आहे.

आधी कसं झालं ते. दिवाळीत तू आला नाहीस. मी वाट बघत होते, आई बघत होती, अप्पांचं मला माहीत नाही. पाडव्याच्या सकाळी पूजा झाली. आईनं कण्यांचा चमचा पुढं केला आणि अप्पांनी तोंड उघडलं नाही. आई रडत मागच्या खोलीत गेली. तेव्हा मी विचारलं. "अप्पा, किशनरावांचा कासरा कमी भरला, तेव्हा तुम्हाला कळलं होतं का?"

त्यांनी मागच्या खोलीकडे बघितलं. मग म्हणाले, "वही आण."

"वैभव.

तवाच कळलं होतं. त्याच्या आधीच कळलं होतं. मूठ धरायची न्हाई. दोर ताणला की डावा हात मागं यायचा. किशनरावला आखूड गेला. अजून कुणाकुणाला गेला असंल. मी बाजारात बोललो न्हाई. वाव गेला म्हणल्यावर कोण दोर घेतंय.

पूजेला हात मांडीवर टेकवून धरायचो. तुझ्या आईला दिसू दिलं न्हाई.

त्या दिवशी टेकवायचं इसरलो. रागात होतो. तुझा राग होता, ते खरं हाय. पण लिंग रागानं पडलं न्हाई. हातानं पडलं.

मला ठाऊक होतं.

तुझं नाव घेतलं. सोपं होतं. हात गेला म्हणायचं, का पोरगं गेलं म्हणायचं. पोरगं म्हणलो.

एवढंच."

यात माझा एकही शब्द नाही. "सोपं होतं" हे मी दोनदा विचारून घेतलं. मला ते लिहावंसं वाटत नव्हतं.

आई दारात येऊन उभी होती. मला म्हणाली, "लिही की, ये म्हणून. वाट बघायलेत म्हणून लिही."

मी अप्पांना विचारलं, "ये म्हणून लिहू का?"

ते म्हणाले, "न्हाई. कोणत्या तोंडानं बोलवू. त्याचं त्यानं बघावं."

म्हणून लिहिलेलं नाही.

वही मिटली तेव्हा ते आईकडे बघून म्हणाले, "आता लावा ती नळी." आईला यावेळी कळलं, माझी गरज पडली नाही. मी विचारलं, तेव्हा नको का म्हणालात? त्यांना दम लागला होता, तरी बोलले. "हे तोंडात होतं तवर अन्न जाईना."

आई त्यांच्यावर चिडली आहे. दोन वर्षं मी माझ्या लेकराला शिव्या दिल्या, म्हणते. चिडूनही सकाळी हात त्यांच्या हाताखाली धरते.

रुद्राणी


वालूर,
१४ डिसेंबर २०२५

दादा,

नळी बसवली. उशीर झाला होता, पण फार झाला नव्हता, असं डॉक्टर म्हणाले. श्वास कमी भरला म्हणून भूल जपून दिली आणि दोन दिवस जास्त ठेवलं. आईनं दवाखान्यातच सगळं शिकून घेतलं. नळी आधी कोमट पाण्यानं धुवायची, डोकं उंच ठेवायचं, सावकाश सोडायचं, पुन्हा पाणी. सकाळी अन्न आधी लिंगाला दाखवते आणि मग सोडते. त्यांचं वजन थोडं वाढलंय. रात्री नाकावर श्वासाचं यंत्र लावतो. पहिल्या रात्री त्याच्या आवाजानं कुणी झोपलं नाही, आता बंद असलं की मला जाग येते.

आवाज गेला. एका दिवशी गेला असं नाही. शब्द एकमेकांत मिसळत गेले. आधी मला दहातले आठ कळायचे, मग चार. मागच्या आठवड्यात ते काहीतरी म्हणत होते, मी पाणी, कूस, पंखा, खिडकी, यंत्र सगळं विचारलं. त्यांनी डोळे मिटले. त्यानंतर त्यांनी आवाज काढायचाच सोडला. आता डोळ्यांवर चालतं. एकदा मिटले तर हो. अप्पांना अक्षरं येत नाहीत, म्हणून डॉक्टरांनी दिलेला अक्षरांचा तक्ता आपल्या कामाचा नाही. मी चित्रं काढली आहेत. बैल कुत्र्यासारखा झालाय, ते बघून त्यांना हसू आलं. खरंच आलं की आजारानं आलं, मला सांगता येत नाही.

तुझ्याकडून काही आलं नाही. शेवटचं पत्र तू वाचलंस का, वाचून फाडलंस का, की तुझ्या उशीखाली आहे, मी काही धरून चालत नाही. तुला राग असेल तर तो बरोबर आहे. अप्पांनी माफी मागितली नाही. "माफ कर" असं ते म्हणाले नाहीत, आणि आता म्हणू शकणार नाहीत. मी त्यांना विचारू शकते आणि ते डोळे मिटू शकतात, पण तो शब्द मी घातलेला असेल. म्हणून विचारलेलं नाही.

तुला बोलवायचं का, हेही विचारलेलं नाही. ते ऑक्टोबरात न्हाई म्हणाले होते आणि त्या बाबतीत तो त्यांचा शेवटचा शब्द आहे. त्यावर मी दुसरा चढवणार नाही.

पण परवा आई त्यांना भरवत होती, मी खिडकीत बसले होते, आणि माझ्या लक्षात आलं की आता मला कुणाचं काही सांगायचं उरलेलं नाही. आई त्यांचे डोळे माझ्यापेक्षा लवकर वाचते. घरात कुणाला माझी जीभ लागत नाही. इतके महिने ती दुसऱ्याची होती, म्हणून मी माझं काही बोलले नाही. बोलले असते तर कुणाचं कुठलं ते कुणाला कळलं नसतं.

आता कळेल.

दादा, अप्पांनी तुला बोलावलं नाही. आईनं स्वतःच्या नावानं बोलावलं नाही, तिला लाज वाटते. मी बोलावते. मला एकटीला हे होत नाही. तू ये.

रुद्राणी